अर्जदारास मी समक्ष पाहिले आहे

आमच्या घरी कुठलंही पत्रक आलं की आधी त्याची शेवटची ओळ वाचायची पद्धत होती. वडील उद्यमनगरात एका फौंड्रीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं लिहायचे. वस्तीतल्या नळासाठी, वसतिगृहातल्या पातळ आमटीविरुद्ध, स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी. कच्चा मजकूर ते मला वाचून दाखवायचे आणि मी चौथीत असल्यापासून त्यांच्याशी शब्दांवरून भांडायची. पण त्यांची सगळ्यांत जास्त नजर असायची ती तळाच्या बारीक टायपातल्या ओळीवर. छापणारा कोण, काढणारा कोण, राहणार कुठला. ती ओळ नसलेलं पत्रक हाती आलं तर ते थेट बंबात जायचं. "खाली नाव घालायचं धाडस न्हाय, त्याचं वर काय वाचायचं?" वडील म्हणायचे. फौंड्रीतल्या आवाजानं त्यांचे कान लवकर गेले होते, त्यामुळे ते हे ओरडून म्हणायचे आणि आम्हीही त्यांना ओरडूनच उत्तर द्यायचो. आमच्या घरातली कुठलीच गोष्ट गल्लीपासून लपून राहिली नाही.

आईला ती ओळ वाचता यायची नाही. ती अंगठा करायची. नव्वदच्या दशकात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा आमच्या वस्तीचा वर्ग समाजमंदिरात भरायचा. आईनं बाराखडी अर्ध्यात सोडली. तिला एकच गोष्ट शिकायची होती, स्वतःचं नाव. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर ती रोज चूल आटोपल्यावर नाव लिहीत बसायची. सहा महिने लागले. पेन्सिल इतकी दाबायची की पलीकडच्या बाजूला वडिलांच्या मजकुरावर तिचं नाव उमटलेलं हाताला लागायचं.

पहिली सही तिनं माझ्या प्रगतिपुस्तकावर केली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला उभं केलं. आजवर अंगठा होता, आज सही कुठून आली? माझीच करामत आहे, असं त्यांचं म्हणणं. मी घरी येऊन रडले. आईनं पदर खोचला, मला घेऊन शाळेत गेली, गुरुजींच्या टेबलावरचं पेन उचललं आणि एकेक अक्षर पुटपुटत त्यांच्या हजेरीपुस्तकाच्या समासात सही केली. वर्ग बघत होता. "बघा गुरुजी, मीच," ती म्हणाली आणि निघून आली.

त्यानंतर तिनं स्वतःसाठी एक नियम केला. कुठलाही कागद असो, आधी मी तो मोठ्यानं वाचायचा, मग ती सही करणार. रेशनचा अर्ज असो की पोलिओचा कागद. अर्धं वाचून मी कंटाळले तर ती पेन खाली ठेवायची. "सगळं वाच. माझं नाव खाली लागणार हाय."

दोन हजार सालानंतर मी बीएस्सी झाले आणि शाहूपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात कामाला लागले. खाली मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. आमचं काम डिजिटल सह्या काढून द्यायचं होतं. कोल्हापुरात तेव्हा 'डिजिटल' म्हणजे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. आठवड्यातनं एकदा तरी कुणीतरी जिना चढून यायचं आणि विचारायचं, "पावणं, आमच्या अध्यक्षांचं डिजिटल करायचंय, धा बाय वीस. फोटो आणलाय." आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, त्याला पाणी देऊन शांतपणे खाली पाठवायचे. सर आधी टायपिंगची परीक्षा घेणारी संस्था चालवायचे. माणूस हसरा, रागावलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं.

मला ते काम पहिल्या आठवड्यातच आवडलं. प्रत्येक अर्जदारासाठी दोन किल्ल्यांची जोडी तयार व्हायची. एक सगळ्यांना दाखवायची, दुसरी पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनात कुलूपबंद. बंद किल्लीनं केलेली सही उघड्या किल्लीनं तपासता येते. सही झाल्यावर कागदातला एक स्वल्पविराम जरी कुणी हलवला तरी तपासणी नापास होते. मला वाटलं, वडिलांच्या पत्रकाची खालची ओळ आहे ही, फक्त कुणाला खोटी घालता येणार नाही अशी. मी घरी येऊन त्यांना ओरडून समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ती किल्ली त्याच माणसाला दिली, हे कोण बघतंय?"

"आम्ही," मी ओरडले.

बरोबरच होतं ते. दिल्लीतल्या सरकारी कार्यालयाची एक मुख्य किल्ली, तिनं प्रमाणपत्रं देणाऱ्या कंपनीवर शिक्कामोर्तब केलेलं. त्या कंपनीनं आमच्यासारख्या ऑफिसांना नेमलेलं. आणि आम्ही अर्जदाराला समोर बसवायचं, त्याचा फोटो, ओळखपत्र आणि तोंड ताडून बघायचं आणि अर्जाच्या शेवटच्या पानावर सही करायची. त्या पानावर छापलेलं असायचं, 'वरील अर्जदारास मी समक्ष पाहिले आहे व त्याची ओळख पटवली आहे.' खाली माझं नाव. सगळं गणित, सगळी कुलपं, दिल्लीपासूनची सगळी साखळी शेवटी माझ्या तीन रुपयांच्या बॉलपेनापाशी येऊन थांबायची. मला याचा अभिमान वाटायचा.

पहिलं वर्षभर मी प्रत्येकाला पाहिलं. टोकन बसवायला, कॉम्प्युटरची सेटिंग करायला, मुदत संपली की नवं प्रमाणपत्र चढवायला मी एसटीनं हिंडायची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तर महिन्यातनं चार फेऱ्या. तिथल्या एका कारखान्याचे संचालक काही केल्या भेटेनात. तीनदा गेले, तीनदा ते मीटिंगमध्ये. अर्ज अडकला. सरांनी मला समोर बसवलं.

"अगं, त्यांना तू ओळखत न्हाईस का? पेपरात फोटो येतोय त्यांचा."

"समक्ष असं लिहिलंय, सर."

"तत्त्व तुझं बरोबर हाय. पण माणूस येत न्हाय, त्याला मी काय करू? उचलून आणू?"

मी त्यांच्याशी अर्धा तास भांडले. मग सही केली. कॉलेजात कोऱ्या अर्जांवर विद्यार्थ्यांच्या सह्या घेतात म्हणून मी मोर्चा काढलेला होता, आणि सही केली. एकदा केली की पुढचं सोपं असतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर ई-टेंडरचा जोर वाढला, सरकारी कामाची निविदा भरायला डिजिटल सही सक्तीची झाली, अर्ज गठ्ठ्यानं यायला लागले आणि दर शनिवारी दुपारी सर माझ्यापुढं शेवटच्या पानांचा गठ्ठा ठेवायला लागले. नुसती पानं, वर अर्जदाराचं नाव नाही. "करून ठेव, गडबडीत उपयोगी पडतात." मी चहा पीत पीत सह्या करायची. हात दुखायचा तेव्हा सर म्हणायचे, "काय क्रांतिकारक बाई, दमलात व्हय?" आणि मी हसायची. ते हसणं मला आजही आठवतं.

त्याच काळात कळंब्याजवळच्या आमच्या वस्तीतल्या बायकांनी मजूर संस्था काढली. खड्डे काढायचे, झाडं लावायची, गटारी उपसायच्या, असली कामं संस्थेला मिळायची. आई अध्यक्ष झाली, कारण मोकळ्या हातानं सही करू शकणारी ती एकटीच होती. कागदपत्रं बघायला एक ठेकेदार पुढं आला. वस्तीत सगळे त्याला भाऊ म्हणायचे. बोलायला गोड, कुणाच्या घरी दुखलं-खुपलं की गाडी घेऊन हजर. आई सकाळी कुदळ घेऊन कामावर आणि महिन्यातनं एकदा इस्त्रीचं लुगडं नेसून सभेला जायची. सभेची वही मी वाचून दाखवायची, ती सही करायची.

एका सोमवारी मी घरी होते तेव्हा पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. आईच्या नावानं. तिनं सही करून घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. "वाच."

मी नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला माझा आवाज खाली गेला. दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावच्या शाळेची कंपाउंडची भिंत पडली होती. ती भिंत आमच्या बायकांच्या संस्थेनं बांधली होती, असं पत्र म्हणत होतं. पडली त्या दिवशी रविवार होता, म्हणून शाळेत कुणी नव्हतं. भिंतीखाली एका मुलाची सायकल सापडली. काम निकृष्ट, सिमेंट नावालाच. संस्थेच्या अध्यक्षांवर फौजदारी गुन्हा का दाखल करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत द्यावा.

"कसली भिंत?" आई म्हणाली. "आमी जल्मात भिंत बांधली न्हाय. आमी खड्डं काढतोय."

पत्राला टेंडरची प्रत जोडलेली होती. शेवटच्या पानावर डिजिटल सहीचा तपशील होता. आईचं पूर्ण नाव, प्रमाणपत्राचा लांबलचक क्रमांक, मुदत. असली पानं मी रोज दहा बघायची. आईचं नाव त्या चौकटीत बघून मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

"तुझी डिजिटल सही कुणी काढली?" मी विचारलं.

आई माझ्याकडं बघत राहिली. "म्हंजे? तुमीच न्हाय का काढली? भाऊनं अर्ज आणला हुता. तू तवा कागलला गेलतीस. म्या म्हटलं, पोरगी आली की वाचून घेतो. तर त्यो म्हणाला, मावशी, तुमच्या पोरीच्याच हापिसात जाणार हाय की कागद, ती काय वाचल्याबिगर सोडणार हाय का. मग म्या केली सही." ती पुढं म्हणाली, "तुझं हापिस म्हणून वाचून घेतलं न्हाय. पहिल्यांदाच."

मी चप्पल घातली आणि ऑफिसात गेले. फाइल शोधायला पाच मिनिटं लागली. आईचा फोटो, रेशनकार्डाची प्रत, पहिल्या पानावर तिची सही. दाबून लिहिलेली, एकेक अक्षर सुटं. शेवटचं पान उलटलं. 'वरील अर्जदारास मी समक्ष पाहिले आहे.' खाली माझी सही होती. शनिवारची, चहा पिताना केलेली, घाईत शेपूट ओढलेली. वर आईचं नाव दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात भरलेलं. दोन्ही सह्या एकाच फाइलीत, आणि दोघींनाही एकमेकींचा पत्ता नाही. सर आले, त्यांनी माझ्या खांद्यावरून पान पाहिलं. मग त्यांनी पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो. मला वाटलं होतं तो नाकबूल जाईल. मी भांडायची तयारी करून गेले होते. त्यानं खुर्च्या पुढं सरकवल्या.

"या की. चा सांगतो. मावशी, पत्राचं एवढं मनावर घेऊ नगा. असली पत्रं येत्यातच."

"आईचं टोकन कुठाय?" मी म्हटलं.

त्यानं टेबलाच्या खणातनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडून आमच्यापुढं ठेवला. आत टोकनं होती. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर नाव, नावाखाली पासवर्ड. सगळ्यांचा एकच, एकपासून आठपर्यंतचे आकडे. पट्ट्यांवरची नावं मी वाचत गेले. मजूर संस्था, सोसायट्या, बचत गट. अकरा माणसं त्या डब्यात होती, आणि आई सोडली तर एकाचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं.

"असं एकत्र ठेवतात?" मी विचारलं.

"मग काय करायचं, ताई? घरोघर दिली तर पोरं त्यात गाणी भरत्यात, पेन ड्राइव्ह समजून. एकानं तर तुळशीत पुरलं हुतं. हितं गहाळ होत न्हाय. बघा की, कसं लायनीत हाय सगळं."

त्याला खरंच त्या डब्याचं कौतुक होतं.

आईनं डब्यात हात घालून स्वतःचं नाव शोधलं. तेवढं तिला वाचता येत होतं. टोकन तळहातावर घेऊन तिनं विचारलं, "ह्यात माझी सही हाय?"

"व्हय मावशी. एकदम वरिजनल."

"आणि मी नसताना ही सही करत्या?"

"आवो, त्यासाठीच तर हाय. तुमास्नी कशाला तरास? तुमी हिकडं खड्डं काढताय, तिकडं सही हुत्या."

आईनं टोकन पदराच्या टोकाला बांधलं आणि उठली. चहा आला होता, तो तसाच राहिला.

त्या दुपारी मी आईचं प्रमाणपत्र रद्द करायचा अर्ज कंपनीकडं पाठवला. पण त्यानं पुढच्या सह्या थांबतात, मागच्या नाही. मागची सही कायद्यानं आईचीच. टोकन तिचं, पासवर्ड तिनं सांभाळायचा, जबाबदारी तिची. यातून तिला सोडवणारी एकच गोष्ट होती. प्रमाणपत्र तिला न बघता, न विचारता दिलं गेलं, असं ते देणाऱ्यानं लेखी सांगायचं. म्हणजे मी.

सरांनी दोन वाटा सुचवल्या. पहिली, टोकन हरवलं होतं असं आईनं लिहून द्यावं. मी नाही म्हटलं. दुसरी त्यांनी बराच वेळ विचार करून सांगितली.

"हे बघ, ती तुझी आई हाय. तू तिला रोज बघतीस. त्या दिवशीबी घरी जाऊन बघितलं असशीलच. मग समक्ष न्हाय तर काय? तुझी तेवढी सही तरी खोटी न्हाय. गप्प बस. तू लिहून दिलंस तर हे हापिस बंद हुतंय आणि केस तुझ्यावर."

मला धक्का बसला तो त्यांच्या बोलण्याचा नाही. क्षणभर मला ते पटलं, याचा. मी खरोखर हिशेब करायला लागले की त्या संध्याकाळी कागलहून आल्यावर मी आईकडं पाहिलं होतं का.

घरी येऊन मी दोघांना सांगायला बसले. आईला हळू सांगितलं. कोऱ्या पानांवर शनिवारी सह्या करायची, त्यातलं एक पान तुझ्या अर्जाला लागलं. वडील आळीपाळीनं आमच्या तोंडांकडं बघत होते.

"काय म्हणत्या ती?" ते आईला म्हणाले.

आई म्हणाली, "तुज्या तोंडानं सांग त्यास्नी."

मग मला ते ओरडावं लागलं. मी न बघता सही केली. पुन्हा. न बघता. कोऱ्या कागदावर. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाल्याचं मला ऐकू आलं. वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आयुष्यभर ओरडत आलेला माणूस त्या दिवशी गप्प बसला आणि ते मला सोसलं नाही.

बोलली ती आई. "भिंत कुणीतरी बांधली, ती पडली, नाव माझं आलं. ते मला समजतंय. जगात हुतंय असं. पर तू मला बघितलंय असं लिवलंस. कवा बघितलंस? सांग की. म्या सहा म्हैनं पेन्सिल घासली एका नावासाठी. आणि तू चा पीत पन्नास केल्यास?"

"सर म्हणतात, गप्प बसलं तर..."

"सराला न्हाय इचारलं मी."

मी तिथंच वही घेऊन लिहायला बसले. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या विरुद्ध लिहीत आले होते, शब्द धडाधड यायचे. त्या दिवशी दीड पान लिहायला संध्याकाळ गेली. जोरदार शब्द सगळे खोडले. काय घडलं तेवढं ठेवलं. कोरी पानं कुणी पुढं केली, मी कधीपासून सह्या केल्या, आईला अर्जासाठी कधीही समोर बसवलं नाही, टोकन तिच्या हाती कधीच दिलं गेलं नाही, ते कुठल्या डब्यात कुठल्या पासवर्डासह होतं. वडिलांनी कागद मागून घेतला आणि सवयीनं आधी तळाशी पाहिलं. माझं पूर्ण नाव, राहणार, सही. मग त्यांनी वरून वाचायला सुरुवात केली.

ज्या कार्यालयातून पत्र आलं होतं तिथं आम्ही दोघी गेलो. अधिकाऱ्यापुढं माणसांची रांग होती. त्यांनी माझा कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं, परत वाचला. "तुम्हाला समजतंय ना तुम्ही काय लिहून देताय?" मी हो म्हटलं. मग त्यांनी आईपुढं कागद सरकवला. "हा जबाब तुम्हाला मान्य आहे, अशी खाली सही करा." आणि तिच्या कपड्यांकडं बघून टेबलावरची अंगठ्याची शाई पुढं केली.

आईनं शाईची डबी जिथल्या तिथं सारली आणि कागद माझ्या हातात दिला. "आधी वाच."

"आई, मीच लिहिलंय."

"म्हणूनच वाच. मोठ्यानं."

रांगेतली माणसं, टेबलावरचे दोन कारकून, दारातला शिपाई, सगळ्यांसमोर मी तो वाचला. मध्ये एकदा मी अडखळले, तेव्हा आई थांबली. मी पुढं वाचेपर्यंत पेन तिच्या हातात तसंच राहिलं. मग तिनं सही केली. एकेक अक्षर, पुटपुटत, दाबून. अधिकारी घड्याळ बघत होते, मग बघायचे थांबले आणि तिच्या हाताकडं बघत राहिले. त्या सगळ्या प्रकरणात आईला सही करताना सरकारच्या माणसानं पाहिलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा.

दोन महिन्यांनी पत्र आलं. आईवर गुन्हा दाखल होणार नव्हता. चौकशी ठेकेदाराकडं वळली आणि तिथं ती बरेच दिवस रेंगाळली. संस्था मात्र बंद झाली. बायका परत ज्याच्या त्याच्या कामावर रोजानं जायला लागल्या, आणि त्यातल्या दोघी आमच्याशी बोलेनाशा झाल्या. माझी दोनदा चौकशी झाली. कंपनीनं आमच्या ऑफिसाची पडताळणीची परवानगी काढून घेतली. सरांनी त्याच दोन खोल्यांत फ्लेक्सचं यंत्र आणलं, त्यामुळे आता वाढदिवसाचं डिजिटल करायला जिना चढणाऱ्या माणसाला खाली पाठवायची गरज उरली नाही. ते माझ्यावर चिडले नाहीत. भेटले की मान खाली घालून जायचे, आणि मीही.

रद्द झालेल्या प्रमाणपत्रांची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर असायची. मी एका नेट कॅफेत जाऊन ती उघडली. त्यात नावं नसतात, नुसते क्रमांक. आईचा क्रमांक सापडला. त्याच्या वरखाली तसलेच क्रमांक होते, पानंच्या पानं, आणि एकाही क्रमांकाला तोंड नव्हतं.

ऑफिस सोडायच्या आधी मी सगळ्या फाइली उघडून माझ्या शनिवारच्या सह्या वेगळ्या काढल्या होत्या. अर्जांना लागलेल्या त्रेचाळीस निघाल्या, बाकीची पानं कोरीच उरली होती. ती यादी मी कंपनीला दिली. त्यांनी उत्तर पाठवलं की संबंधितांना पत्रं जातील. पत्रं जातील, पण माणसांकडं कोण जाणार? ज्यांना पाहिलं म्हणून मी लिहिलं त्यांना पाहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही. फाइलींतले पत्ते आणि फोटोंच्या प्रती मी तेव्हाच घेऊन ठेवल्या होत्या; एका रविवारी मी पिशवी भरायला लागले. आई लुगडं बदलून दारात उभी.

"मी येते. तू एकटीच बघून आलीस तर परत कोण खरं मानंल?"

पहिला पत्ता वारणानगरचा होता. कामगारांच्या वसाहतीतली बैठी खोली. दारात एक म्हातारा कामगार कणीच्या तांदळातले खडे वेचत बसला होता. एका मजूर संस्थेचा तो अध्यक्ष, कागदावर. आम्हाला बघून त्यानं ताट बाजूला ठेवलं.

"कोण पावणं? कुणाकडं आलाय?"

"तुमच्याकडंच," मी म्हटलं. "तुमच्या नावाची एक डिजिटल सही आहे. ती देताना मी तुम्हाला पाहिलंय असं लिहून दिलं होतं. पाहिलं नव्हतं. म्हणून आलेय."

त्याला पहिल्यांदा काही समजलं नाही. मी परत सांगितलं, त्याच शब्दांत. डबा, पासवर्ड, भिंत, सगळं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "माझ्या नावानं?" तो एवढंच म्हणाला. मग उठला, आत जाऊन टोपी घालून आला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि उजेडात येऊन उभा राहिला.

"बघा," तो म्हणाला.

मी फोटोची प्रत काढली आणि त्याच्या तोंडाशी धरून ताडून पाहिली. कपाळावरचा व्रण फोटोत नव्हता.

"नीट बघितलंस का?" आईनं मागून विचारलं.

"थांब," मी म्हटलं. "बघतेय."